ॲक्रिलिकची ट्रॉफी आणि टेंभलीचा अंगठा

गेल्या शुक्रवारी मला ट्रॉफी मिळाली. ॲक्रिलिकची, निळसर, खाली माझं नाव. नावात एक अक्षर चुकलंय, पण ते चालायचंच. टाऊनहॉल झाला, टाळ्या झाल्या, समोसे झाले. पराक्रम कोणता, तर एक रिलीज वाचवण्यासाठी सलग अकरा रात्री जागलो. रिलीज ज्या चुकीमुळे अडला, ती मार्चपासून ओरडून सांगत होतो, हे मात्र स्टेजवर कुणी बोललं नाही. आमच्या धंद्यात आग विझवणाऱ्याला बक्षीस असतं. आग लागूच नये म्हणून शांतपणे डोकं चालवणाऱ्याला अप्रेझलमध्ये 'व्हिजिबिलिटी कमी आहे' असं सांगतात.

असो. तो रडगाण्याचा भाग झाला. मुद्दा जरा मोठा आहे, आणि तो माझ्या गावाकडून सुरू होतो.

मी नंदुरबार जिल्ह्यातला, शहाद्याचा. पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, गुजरातमध्ये का? तर मंडळी, आमच्याच तालुक्यात टेंभली नावाचं गाव आहे. 29 सप्टेंबर 2010 ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. त्या दिवशी दहा गावकऱ्यांना नंबर दिले गेले. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडे आठवडाभर त्या हेलिपॅडचीच चर्चा. पुढे पत्रकार अधूनमधून टेंभलीला जातात आणि गावाचं फारसं काही बदललं नाही, अशी बातमी करून परत येतात.

मला आता त्या दिवसाबद्दल वेगळंच काहीतरी टोचतं. एक माणूस एकदाच नोंदला जावा यासाठी प्रत्येक नव्या माणसाचे ठसे आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावे लागतात. दहा माणसं असतील तर 45 तुलना, कागदावरही होतील. शंभर कोटी झाली की साधारण 5 वर सतरा शून्यं. सेकंदाला एक कोटी तुलना केल्या तरी दीड हजार वर्षं लागतील. हा खरा कॉम्प्युटर सायन्सचा प्रश्न, आणि जगात एवढ्या प्रमाणावर आधी कुणी सोडवला नव्हता. सोहळा टेंभलीत झाला, पण ठसे ताडणारी मूळ इंजिनं? त्यांचं कंत्राट 2010 मध्ये तीन गटांना गेलं, आणि त्यांत मोर्फो, एल-1 अशी परदेशी नावं होती. तोवर आपल्याकडे या विषयावर वीस वर्षं पैसे लावून कुणी संशोधन पोसलं असतं, तर कदाचित यादी वेगळी दिसली असती. पुढे आधारवाल्यांनी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय घरच्या घरी तयार केली, हे कौतुकाचंच. पण ती ज्यांनी लिहिली त्यांचं एक तरी नाव तुम्हाला माहितीये? मलाही नाही. रंजनाताईंचं माहितीये, भाषण करणाऱ्यांचं माहितीये.

दिवाळीत घरी गेलो होतो. आमच्या गल्लीतली एक आजी हंगामभर मिरच्या खुडते आणि पथारीवर वाळवते. (नंदुरबारची मिरची, ऐकलं असेलच.) बोटं पार गुळगुळीत. रेशनच्या दुकानात मशीन तिसऱ्यांदा लाल झालं, तसा दुकानदार म्हणाला, "माय, तुना अंगठा लागत नही." ती बोटं पदराला पुसून पुन्हा रांगेत. झिजलेल्या बोटांचे ठसे कसे वाचायचे, हा पीएचडीचा विषय आहे राव! तो कॅलिफोर्नियात का सुचावा? तिथे मिरच्या खुडणारी आजी आहे का?

इथे हमखास कुणीतरी म्हणतं की आपण सर्व्हिस इंडस्ट्री, क्लायंट पैसे देतो तेवढंच करायचं, संशोधन आयआयटीवाल्यांनी करावं. खोटं आहे हे. टीसीएससारख्या सर्व्हिस कंपनीने 1981 मध्येच, फकीरचंद कोहलींच्या काळात, पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र काढलं होतं. त्याच्याही आधी मुंबईत टीआयएफआरमध्ये नरसिंहन आणि त्यांच्या पोरसवदा सहकाऱ्यांनी स्वतः एक अख्खा कॉम्प्युटर बांधला. 1960 मध्ये तो चालू झाला, 1962 मध्ये नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. कुठल्या क्लायंटने मागितला होता तो? अमेरिकेने क्रे द्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा 1988 मध्ये सी-डॅक निघालं आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या टीमने परम 8000 उभा केला. आधी पोसलं, मग पिकलं. आपण मात्र पिकलेल्यालाच पाणी घालायला निघतो.

आणि आत्ता तुम्ही हे मराठीत वाचताय ना? कित्येक वर्षं आपण सगळे मराठी ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये वाचायचो, तो र. कृ. जोशींनी घडवला. विंडोज 2000 बरोबर तो घराघरात गेला, जोशी 2008 मध्ये गेले. सी-डॅकच्या जिस्ट गटाचे मोहन तांबे आणि इस्की संकेतप्रणाली यांच्याशिवाय आज युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता असा दिसलाच नसता, कारण तो 1988 च्या इस्कीवरच बेतलाय. माझ्या टीममध्ये चौदा मराठी माणसं आहेत. परवा जेवताना ही दोन नावं विचारली. एकालाही माहिती नव्हती. सगळ्यांना स्टीव्ह जॉब्जचं टर्टलनेक मात्र पाठ.

सरकारची तऱ्हा तीच. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराच्या सात शाखांमध्ये संगणकशास्त्र नावाची शाखाच नव्हती. आमच्या लोकांनी गणितात नाहीतर इंजिनिअरिंगमध्ये अंग चोरून बसायचं. 2024 च्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत ते पाटीवर आलं, तेही गणिताशी जोडून. पैशांचं तर विचारूच नका. 2020-21 मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के होता, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा 36 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सरकारला शिव्या देऊन आपल्या कंपन्या सुटत नाहीत. गोवा ऑफसाइटला बजेट असतं. कॉन्फरन्सला पेपर पाठवतो म्हटलं की सुट्टी टाकायला सांगतात.

आता सगळ्यात लागणारी गोष्ट, आणि तिच्यात मीही गुन्हेगार आहे.

2019 ला फायनल इयरला मी प्रोजेक्ट विकत घेतला. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, सात हजार रुपये, रिपोर्टची बाइंडिंग फुकट. वर्गातल्या निम्म्यांनी हेच केलं. माझा एक दोस्त मात्र धडगावकडचा पावरा. त्याने वर्षभर सुट्टीत पाड्या-पाड्यांवर फिरून पावरी बोलीतले शब्द मोबाइलवर रेकॉर्ड केले. दीडशे शब्द, तीसेक माणसं. बोललेला शब्द मशीनला ओळखता येतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. दहातले सहा ओळखले जायचे. खोकला आला तर मशीन त्याला 'पाणी' समजायचं, आम्ही जाम हसायचो. :-)

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "लॉगिन पेज कुठंय?" तो म्हणाला, सर, लॉगिन नाहीये. "मग युजर कोण?" याच्याकडे उत्तर होतं. 2011 च्या जनगणनेत भिली आणि तिच्यात मोजलेल्या पावरीसारख्या बोली मिळून एक कोटीहून जास्त लोक बोलतात. पण तोवर सर पुढच्या टेबलाकडे, म्हणजे माझ्याकडे, आले होते. मला 88 मार्क. त्याला 61.

2025 मध्ये केंद्र सरकारने 'आदि वाणी' आणलं, आदिवासी भाषांच्या अनुवादासाठी. त्यात भिलीही आहे. त्या रात्री मी त्याला लिंक पाठवली. तो नाशिकला एका सपोर्ट प्रोजेक्टवर नाइट शिफ्ट करतो. त्याने फक्त अंगठ्याची खूण पाठवली. मग पहाटे चारला मेसेज आला: "पाणी ओळखतं का बघ."

त्याची रेकॉर्डिंग्ज कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत, आणि तो लॅपटॉप आता चालू होत नाही. त्यातली दोन-तीन म्हातारी माणसं दरम्यान वारली. शेवटी मीच तो मागवून घेतला आणि काल डेटा रिकव्हरीवाल्याकडे टाकून आलो. साडेसहा हजार सांगितलेत, गॅरंटी नाही. ट्रॉफीबरोबर पाच हजारांचं व्हाउचर मिळालंय, पण ते फक्त कपड्यांच्या दुकानात चालतं.