कुंडीच्या बुडाशी गिट्टी कशाला?

आमच्या जबलपुरी मराठीत कुंडीला ‘गमला’ म्हणतात. पुण्याची मावशी त्यावर हसते, हसू दे. गेल्या ऑगस्टमध्ये गच्चीवरचे तीन मोगरे लागोपाठ गेले. एक गमला उपडा केला तर माती साबणाच्या ओल्या वडीसारखी अख्खी निघाली. मुळं तपकिरी, आंबूस वास. आणि बुडाशी घातलेली बोटभर गिट्टी मात्र जवळजवळ कोरडी!

निचऱ्यासाठी गिट्टी घाला, असं इथला जो तो माळी सांगतो. शहरात 1964 पासून कृषी विद्यापीठ आहे, तरी गच्चीवरची बाग आम्ही ऐकीव शास्त्रावरच चालवतो. मीही वीस वर्षं चालवली. आता विरोधात आहे.

भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. गळायचा थांबला की उभा करा. पुन्हा धार लागते. तळाशी थोडं पाणी अडतंच, पण उंची जास्त असेल तर वरचा भाग मोकळा होतो. बारीक मातीतलं पाणी पार चिंब झाल्याखेरीज गिट्टीच्या मोठ्या फटींत उतरत नाही. म्हणजे गिट्टी घालून आपण मातीची उंची घटवतो आणि चिखल मुळांजवळ आणून ठेवतो.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. शेतात गहू-हरभऱ्याला हिवाळाभर ओल पुरवणारा तिचा गुण दहा इंची गमल्यात नडतो. बारीक रेती कालवली की तिचा गाराच होतो. शिवाय माझ्या जास्वंदीपायी नर्मदेचं पात्र उपसायचं, हे पटत नाही. भेडाघाटचा संगमरवरी चुरा फुकट मिळाला तरी नको. त्यातल्या चुन्यानं पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मी आता एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेला पालापाचोळा आणि एक घमेलं हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे घेते. तुकडे चाळून घ्यायचे, विटांची भुकटी आत जाता कामा नये. राईस मिलचं तूस काळं होईस्तोवर भाजून दोन ओंजळी. सगळं वरपासून खालपर्यंत सारखं कालवायचं. भोकावर जाळीचा तुकडा; पावसाळ्यात खाली बशी नाही.

आमचे माळीकाका अजून गिट्टीची पाटी आणतात. ती मी अंगणातल्या नळाखाली पसरते. तिथं पाय चिखलात जात नाहीत.