चट्ट्याचा फोटो छापा
३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन. तो जवळ आला की कुष्ठसेवी संस्थांच्या जनसंपर्क विभागात फोन खणखणू लागतात आणि मागणी बहुधा एकच असते: झिजलेल्या बोटांचा फोटो. त्याला ठाम नकार देणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. अशा फोटोवर देणग्या मिळतात, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण तोच फोटो पाहून धास्तावलेली बाई आपल्या दंडावरचा चट्टा पदराआड दडवते आणि उपचाराची वेळ निघून जाते. छापायला हवा तो हा चट्टा: फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बॉलपेनचं टोक टेकवलं तरी न कळणारा. सोबत हेही, की सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात आणि सहा किंवा बारा महिन्यांत आजार बरा होतो. या औषधांतल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, पुढे हळूहळू निवळते, हे आधीच सांगावं. नाहीतर गोळ्या मध्येच सुटतात. कायद्यातला बदलही सांगावा: कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, अगदी २०१९ पर्यंत! ते रद्द झाल्याचं किती घरांत पोचलं? माणसाचा फोटो हवाच असेल, तर बऱ्या झालेल्याचा घ्या, त्याला विचारून. नाव छापायचं की नाही, तेही त्यालाच ठरवू द्या.