शेवाळाच्या गोळ्यांनी कॅन्सर बरा होत नाही

घरात कोणाला कॅन्सर निघाला की आठ दिवसांत कोणीतरी हिरव्या गोळ्यांचा डबा घेऊन येतोच. कधी शेजारी, कधी नातेवाईक, कधी कंपनीतला सहकारी. "शेवाळापासून बनवलंय, नैसर्गिक आहे, प्रतिकारशक्ती वाढवून गाठ जिरवतं." पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या माझ्या वाचकांना मी स्पष्टच सांगतो : कॅन्सरचे औषध म्हणून स्पिरुलिना विकणे ही फसवणूक आहे.

यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणत नाही. तपकिरी समुद्री शेवाळातले फ्युकॉयडन किंवा स्पिरुलिनातली काही द्रव्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर वापरली, तर गाठीवर हल्ला करणाऱ्या पेशी सक्रिय होताना दिसतात. पण काचेच्या बशीतला परिणाम म्हणजे माणसाच्या पोटात गेलेल्या गोळीचा परिणाम नव्हे.

विक्रेते केरळमधल्या अभ्यासाचा दाखला देतात. तो खरा आहे, 1995 साली प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर वर्षभर रोज 1 ग्रॅम स्पिरुलिना दिली. 44 पैकी 20 जणांचे चट्टे पूर्ण गेले. खोटी गोळी घेणाऱ्या 43 पैकी फक्त तिघांचे गेले. पुढचे मात्र कोणी सांगत नाही. गोळ्या थांबवल्यावर वर्षाच्या आत त्या 20 पैकी 9 जणांचे चट्टे परत आले. शिवाय हे चट्टे होते, कॅन्सर नव्हता. कॅन्सरची गाठ स्पिरुलिनाने गेली, असे या अभ्यासात कुठेही नाही.

प्रतिकारशक्ती ही नळ सोडल्यासारखी "वाढत" नसते. कॅन्सरची गाठ आपल्या टी पेशींना ब्रेक लावून ठेवते. तो ब्रेक काढणाऱ्या औषधांच्या शोधासाठी अ‍ॅलिसन आणि होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. त्यातलेच निवोलुमॅब हे महागडे औषध परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत, म्हणजे दर तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम, वापरून पाहिले. डोके आणि मानेचा कॅन्सर पूर्ण बरा होण्यापलीकडे गेलेले रुग्ण होते. नुसत्या तोंडावाटे केमोच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगले सुमारे 16 टक्के. सोबत हे औषध मिळालेल्यांपैकी 43 टक्के. 2023 साली हे प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्तीचा उपचार म्हणतात तो हा. दोन गट करून, मोजून, सिद्ध केलेला. डबा विकणाऱ्याकडे असा आकडा मागा.

डब्यावरचा एफएसएसएआयचा क्रमांक हा अन्नपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. आणि शेवाळ ज्या पाण्यात वाढते त्यातले जड धातू शोषून घेते. आपल्या खाड्यांचे पाणी पाहणाऱ्यांना हा धोका वेगळा समजावायला नको.

खरे नुकसान वेळेचे होते. तीन महिने गोळ्या खाऊन पाहू, असे म्हणेपर्यंत जिभेवरची गाठ मानेत उतरते. जे शस्त्रक्रियेने निघाले असते, ते निघेनासे होते.

म्हणून तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड कमी उघडत असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवा. तुकडा काढून तपासायला सांगितला तर घाबरू नका. तंबाखू, गुटखा, मिश्री बंद करा. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. उपचार सुरू असताना कोणतीही गोळी घ्यायची असली, तरी आधी आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारा.

बोईसरहून लोकलने दादर, तिथून परळ. प्रवास दगदगीचा आहे, मान्य. पण डब्यावर घालवाल ते पैसे त्या तिकिटावर घाला.