रिकाम्या दांडीची लाज

जिममध्ये नवा माणूस लाजतो कशाला? रिकाम्या दांडीला! शेजारचा पैलवान 100 किलो उचलतोय, मग आपणही चकत्या चढवायच्याच, असा खाक्या. अहो, ऑलिंपिक मापाची नुसती दांडीच 20 किलोची असते. ती नीट उचलणं हाच पहिला धडा. वजन पुढे हळूहळू वाढवावं, कंबर मोडून घेऊन नव्हे. आणि ‘या वयात कसली वजनं?’ म्हणणाऱ्यांनो, ती याच वयात हवीत! जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला, त्यात पासष्टीपुढची मंडळीही आली. दंड कुणाला दाखवायचेत? सत्तरीत पंगतीतून कुणाचा हात न धरता उठता आलं, की जिंकलं!