बिलावरची ती एक ओळ काढा : मावळच्या ग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
अध्यक्ष व पदाधिकारी, व्यापारी संघटना,
लोणावळा, कामशेत, वडगाव मावळ व तळेगाव दाभाडे.
प्रत माहितीसाठी : मा. तहसीलदार, मावळ.

विषय : माल परत घेण्याचा नियम लेखी, स्पष्ट आणि पुरेशा मुदतीचा करण्याबाबत.

महोदय,

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ आजही अनेक बिलांच्या तळाशी छापलेली असते. ती वाचून सदोष माल हाती आलेला ग्राहकही मुकाट्याने घरी बसतो. कायदा मात्र त्याच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. ही ओळ छापणे थांबवावे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राज्यांना १९९९ सालीच कळवले होते.

या ओळीचा फटका कोणाला बसतो ते पाहा. आंदर मावळातली आई जूनमध्ये मुलाच्या पायाचे माप सुतळीने घेऊन कामशेतला येते आणि शाळेचे बूट नेते. घरी ते घट्ट होतात. दुकानाची मुदत दोन दिवसांची. इकडे भाताची रोपे टाकायची घाई. दुसरी फेरी म्हणजे बुडालेला रोज आणि पुन्हा गाडीभाडे. बूट फडताळात पडून राहतात. लोणावळ्याहून चिक्की नेणाऱ्या पर्यटकाची तऱ्हा वेगळी. ठाण्याला घरी डबा उघडल्यावर चिक्की सादळलेली किंवा दाणे खवट निघाले, तर त्यासाठी तो घाट चढून परत येत नाही. पुढच्या वेळी दुसरीकडून घेतो, आणि आपण गिऱ्हाईक गमावल्याचे दुकानदाराला कळतही नाही.

मुदत वाढवली तर परत येणाऱ्या मालाचा ढीग लागेल, ही आपली भीती आम्ही समजू शकतो. पण अभ्यास वेगळे सांगतो. नारायण जानकीरामन, हॉली सिर्डल आणि रायन फ्रेलिंग यांनी याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली 'जर्नल ऑफ रिटेलिंग'मध्ये मांडला. सैल नियमांमुळे खरेदी जितकी वाढते, तितके माल परत येण्याचे प्रमाण वाढत नाही, असे त्यांना आढळले. मुदत लांब असेल तर उलट कमी माल परत येतो. याचे कारण आम्हाला रोजच्या व्यवहारात दिसते. मुदत दोन दिवसांची असली की माणूस घाईने निर्णय घेतो. महिन्याची असली की वस्तू वापरात रुळते, आपलीशी होते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. बिलावरची ही ओळ ताबडतोब काढावी आणि प्रत्येक खरेदीचे बिल द्यावे.

२. परतीचा नियम मराठीत, ठळक अक्षरांत गल्ल्याजवळ लावावा. पैसे देण्याआधी तो वाचता आला पाहिजे. बिल हाती पडल्यावर कळून उपयोग नाही.

३. सदोष मालाचे पैसे ३० दिवसांत परत द्यावेत. केवळ क्रेडिट नोट घेण्याची सक्ती नको. परगावच्या माणसाला तिचा काहीच उपयोग नसतो.

४. कपडे आणि पादत्राणे माप चुकल्यास किमान १५ दिवस बदलून द्यावीत. कायद्याने आपल्यावर हे बंधन नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ही सवलत आपण स्वेच्छेने द्यावी.

५. खराब निघालेल्या खाद्यपदार्थासाठी पर्यटकाला परत बोलावू नये. बिलाचे आणि मालाचे छायाचित्र फोनवर घेऊन पैसे यूपीआयने पाठवावेत.

६. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक दुकानात लावावा.

आम्हीही काही बंधने पाळू. वापरलेला किंवा धुतलेला कपडा, फॉल-पिको झालेली साडी, अंतर्वस्त्रे, फोडलेला पण चांगला असलेला खाऊ परत घ्या, असा आग्रह कोणी धरणार नाही. लग्नात एकदा नेसून साडी परत आणणाऱ्याची बाजू आमची संघटना घेणार नाही. बिल जपून ठेवण्याची सवय लागावी म्हणून गावोगाव सांगू.

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी याच जिल्ह्यात, पुण्यात सुरू केली. त्या जिल्ह्यातल्या ग्राहकाला आपला हक्क ठाऊक नसावा, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क करता येते, तीही ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात. तरीही प्रत्येक जोडी बुटांसाठी आयोगाची पायरी चढावी लागू नये, असेच आम्हाला वाटते.

दिवाळीची खरेदी सुरू होण्यापूर्वी आपण संयुक्त बैठक बोलवावी आणि पहिल्या तीन मागण्यांवर तिथेच लेखी निर्णय द्यावा, ही विनंती. उरलेल्या तीन मागण्या एका हंगामापुरत्या अमलात आणून पाहाव्यात. हंगाम संपल्यावर किती माल परत आला आणि किती गिऱ्हाईक वाढले, याचा हिशेब आपण सगळे एकत्र बसून तपासू.

आपले,
मावळ तालुक्यातील ग्राहक संघटनेचे सदस्य