पेपर कशाला म्हणायचे?

माहूरच्या स्टँडवर ‘पेपर’ म्हणजे रोज येतो तोच. चळवळीचे पाक्षिक हाती दिले की लोक म्हणतात, ‘हा पेपर नव्हे, अंक आहे.’ आम्हाला हे मान्य नाही. 1867 च्या कायद्याने सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य छापणारे नियतकालिक म्हणजे वृत्तपत्र, असेच म्हटले होते. रोज निघण्याची अट नव्हती. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी सुरू केलेला ‘मूकनायक’ पाक्षिकच होता. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला. तो ‘केसरी’ तरी तेव्हा कुठे दैनिक होता? पण त्याला वर्तमानपत्र म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. माहूरच्या बांधवांनी पाक्षिकाची वर्गणी फाडताना पावतीवर ‘वर्तमानपत्र’ असेच लिहावे.