सर्व्हरच्या रोजनामच्याला हद्द घाला

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील आमच्या व्यापारी बांधवांच्या गादीवर आता लाल वही क्वचितच दिसते. बिल, उधारी, साठा, ई-वे बिल, सारा कारभार संगणकावर आला. ज्यांच्या दोन-तीन पेढ्या आहेत त्यांनी सर्व्हरही घेतला. कोणी दुकानात ठेवला, कोणी भाड्याने घेतला. हे चांगलेच झाले. परंतु त्या सर्व्हरच्या पोटात काय साठत आहे याची विचारपूस आम्ही करीत नाही. मग ऐन ईदच्या हंगामात बिल निघेनासे झाले की नशिबाला दोष देतो.

सर्व्हर रात्रंदिवस स्वतःचा रोजनामचा लिहीत असतो. कोण आत आले, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणते काम अडले, प्रत्येक गोष्टीची एक ओळ. यालाच लॉग म्हणतात. एखादा प्रोग्राम बिघडला की तो एकच तक्रार हजारो वेळा लिहीत सुटतो. मेमरी म्हणजे आमची बैठक आणि डिस्क म्हणजे गोदाम असे समजा. बैठकीवर चिठ्ठ्यांचा ढीग लागला तर गिऱ्हाईक बसणार कोठे? गोदाम चिठ्ठ्यांनीच भरले तर कापडाच्या गाठी ठेवणार कोठे? डिस्क भरली की नवे बिल लिहायलाच जागा उरत नाही.

बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्यात जर्नलडी नावाचा मुनीम हा रोजनामचा सांभाळतो. त्याला कोणी काही सांगितले नसेल तर तो डिस्कचा दहावा हिस्सा, पण ४ जीबीपर्यंतच, वापरतो. म्हणजे ४० जीबीच्या लहान डिस्कवर ४ जीबी त्याचेच. तो मेमरीत लिहीत असेल तेव्हाही मेमरीतील नेमून दिलेल्या जागेचा दहावा हिस्सा घेतो. या मुनीमाला निदान हद्द तरी आहे. बिलाच्या प्रोग्रामची स्वतःची लॉग फाइल मात्र अनेकदा बेहिशेब वाढत राहते. डॉकरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामची लॉग फाइलही, हद्द घातली नसेल तर, वाढतच जाते. असे चार-पाच संगणक, म्हणजे नोड, एकत्र जोडलेले असतील तर प्रत्येकावर हाच प्रकार.

यावर काही कारागीर सोपा इलाज करतात: लॉग लिहिणेच बंद करून टाकतात. आमचा याला सक्त विरोध आहे. लॉग हा गवाह आहे. रात्री कोणी परका आत शिरला, कोणी फाइल पुसली, हे तोच सांगतो. गवाहाचे तोंड बंद करून दुकान सुरक्षित होत नाही. शिवाय सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्या, डेटा सेंटर व सेवा देणाऱ्या संस्थांना लॉग १८० दिवस जपावे लागतात.

दुसरी गल्लत याहून वाईट. जागा करण्याच्या घाईत हिशेबाच्या जुन्या फाइलीच पुसल्या जातात. लॉग वेगळा आणि वही वेगळी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावा लागतो. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे सक्तीचे आहे. ती बंद करता येत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद तर आम्हाला सूरह बकराच्या २८२ व्या आयतीनेच दिली आहे. लिहिणे फर्ज मानणाऱ्या बिरादरीने काय जपायचे आणि काय काढायचे, याची पारख ठेवलीच पाहिजे.

म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. पहिली, जर्नलडीला मेमरीत व डिस्कवर किती जागा नेमून दिली? रनटाइम मॅक्स यूज आणि सिस्टिम मॅक्स यूज या दोन ओळींत ती लिहिता येते. आमच्यासारख्या पेढीला मेमरीत ५०-६० एमबी पुष्कळ झाली. दुसरी, बाकीच्या प्रोग्रामच्या लॉग फाइली ठराविक आकारानंतर आवळून बाजूला काढल्या जातात का? तिसरी, लॉगची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते का? हे विशेष महत्त्वाचे, कारण मेमरीतला लॉग यंत्र बंद करताच नाहीसा होतो. सर्व्हर अडकला, पोऱ्याने बटण दाबून पुन्हा चालू केला, की बिघाडाचे कारणही त्याबरोबर गेले.

हे काम जाणत्या कारागिराला तासाभराचे आहे. गाठी मोजून घेणाऱ्या, मीटर-मीटरचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या बांधवांनी आपल्या यंत्रातील जागेचाही हिशेब मागावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी मागावा, एवढीच विनंती.